मुंजा आणि नकुशी : दोन भयपटांच्या निमित्ताने

हैदराबादेत नल्लकुंट्याचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या माणसांना पहिल्याने आठवते ती कोरंटी. सरकारी दप्तरात त्या रुग्णालयाला हिवतापाचे कोडे उलगडणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे, आणि शिकलेली माणसे त्याला ‘फीव्हर हॉस्पिटल’ म्हणतात. परंतु लोकांच्या तोंडी रुळला तो ‘कोरंटी दवाखाना’ हाच शब्द. ‘क्वारंटाइन’ या परक्या शब्दाने तेलुगू आणि दखनी जिभेवर घेतलेले हे रूप आहे, आणि मूळ शब्दात नसलेली एक धास्ती त्यात उतरली आहे. घटसर्प, गोवर, पटकी अशा सांसर्गिक रोगांनी घेरलेली मुले येथे आणली जात. घटसर्पाची मुले तर अलीकडच्या वर्षांतही येत राहिली आहेत. लसीकरण सार्वत्रिक होण्यापूर्वी अशा ठिकाणांहून आईबाप किती वेळा रिकाम्या हातांनी परतले असतील, त्याचा हिशेब मांडणे कठीण आहे.

त्या पिढीतील एखाद्या आजीला तिच्या भावंडांची नावे विचारावीत. ती बोटांवर मोजू लागते, आणि मध्येच एका बोटाशी क्षणभर थांबून, ते तसेच मिटून, पुढे जाते. त्या मिटलेल्या बोटाचे नाव घरात सहसा उच्चारले जात नाही. अशा रीतीने मोजणीतून गळलेले मूल शेवटी जाते कोठे? या प्रश्नाचे धर्मशास्त्राने दिलेले उत्तर एक आहे, लोकसमजुतीने दिलेले दुसरे, आणि गेल्या काही वर्षांत चित्रपटाने देऊ केलेले तिसरे. ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळण्याची जागा नेमकी एकच आहे. तेवढी दाखवावी इतकाच या लेखाचा हेतू.

निमित्त दोन चित्रपटांचे आहे. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ ७ जून २०२४ रोजी आला. त्याची भाषा हिंदी असली तरी घर, गाव, विधी आणि भूत ही सर्व अस्सल मराठी आहेत. दोहोंतही मेलेली मुले जिवंत कुटुंबाच्या पाठीस लागतात. भयपटासारख्या विषयाला साहित्यविषयक नियतकालिकात जागा द्यावी काय, असे कोणी विचारील. भुतांची नावे ही भाषेची जुनी मिळकत आहे, आणि ज्याला नाव मिळते व ज्याला मिळत नाही त्यांच्यातील अंतर हा वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कक्षेतलाच विषय आहे, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

आधी मुंजा. या शब्दाचे मूळ मुंज नावाच्या गवतात आहे. उपनयनाच्या वेळी बटूच्या कमरेला त्या गवताची मेखला बांधीत; म्हणून तो विधी मौंजीबंधन, बोलीत नुसती मुंज, आणि ज्याची मुंज झाली पण सोडमुंज व्हावयाची आहे तो मुलगा मुंजा. ही झाली जिवंत मुलाची अवस्था. याच अवस्थेत त्याला मरण आले तर त्याच्या भुतालाही मुंजाच म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशात शब्दाचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. समंध, झोटिंग, खवीस ही नावे भुतांचीच. जिवंत माणसाला ती लागली तर शिवी म्हणून लागतात. मुंजाचे तसे नाही. काल अंगणात भिक्षावळ घेऊन उभा असलेला मुलगा आज पिंपळावर गेला तरी भाषेने त्याचा शब्द बदललेला नाही. जणू त्याचे वय तेवढे थांबले आहे, बाकी तो घरचाच आहे.

आपल्याकडील भुतांची जरा पद्धतशीर नोंद पाहावयाची असेल तर १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या कोकणातील लोकसमजुतींच्या इंग्रजी संग्रहाकडे जावे. त्याची सामग्री नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमविलेली होती. १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन मारले गेले, आणि पुढे एन्थोव्हेन यांनी ती सामग्री हाती घेऊन संग्रह सिद्ध केला. शिक्षकवर्गाला यात आणखी एका कारणाने गोडी वाटावी. ज्यांच्या उत्तरांवर हा संग्रह उभा आहे त्यांत गावोगावचे शाळामास्तर मोठ्या संख्येने होते. दिवसा मुलांना भुते नसतात म्हणून शिकवावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात साहेबासाठी भुतांची यादी लिहावी, असा तो काळ होता.

या यादीवरून नजर फिरविली की एक नियम ध्यानात येतो. मनुष्य कसा मेला यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत मेला यावर त्याच्या भुताचे नाव ठरते. सवाष्णपणी गेलेली ती जखीण. विधवा गेली तर लावसट. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेली तर अळवंत वा हडळ. मुंजीनंतर आणि सोडमुंजीपूर्वी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. जातही सुटलेली नाही. पिंपळावरही कोणी कोणत्या फांदीवर बसावे याचे वर्णाश्रमाने ठरविलेले नियम आहेत की काय, अशी शंका यावी इतकी ही मांडणी काटेकोर आहे. प्रत्येक नावाच्या मुळाशी एक अपुरा राहिलेला संस्कार, एक न फेडलेले देणे असते. भूत हे लोकसमजुतीत प्रथमतः हक्कदार असते. ‘त्याचे काही मागणे राहिले आहे’ असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. देवऋषीदेखील पहिला प्रश्न ‘तू कोण?’ असा विचारतो आणि दुसरा ‘तुला काय पाहिजे?’ असा.

यावरून मुंजाचे महत्त्व कळते. उपनयन हा दुसरा जन्म मानला गेला. द्विज हा शब्द त्यावरूनच आला. पहिल्या जन्मानंतर मेलेले तान्हे मूल धर्मशास्त्राच्या हिशेबात जवळजवळ नसल्यासारखेच असते. दोन वर्षांच्या आतील मुलाला अग्नी न देता गावाबाहेर पुरावे, त्याला जलांजली देऊ नये, असे मनुस्मृती सांगते. पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात अंत्यविधी, अशौच आणि श्राद्ध यांचा जो विस्तार केला आहे तो वाचताना जाणवते की, मृताच्या वयाप्रमाणे आणि संस्कारांप्रमाणे सुतकाचे दिवसदेखील वाढत वा घटत जातात. दुःखाला आईच्या मनात असे माप नसते. पण घराच्या आचारात ते असते. तान्ह्याला दहावा नाही, तिथी नाही, पितरांत जागा नाही. मुंज झालेल्या मुलाला मात्र कुळात पाऊल ठेवल्यासारखे झाले होते, आणि ते पाऊल अर्धेच पडले होते. म्हणून तो परत येऊ शकतो.

आणि परत आलेल्या मुंजाला घर नुसते घाबरत नाही, त्याला सांभाळतेही. त्याची करामत बहुतेक ठिकाणी भेवडावण्यापुरती सांगितली जाते. पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला दगड मुंजोबा किंवा मुंजाबा म्हणून पुजला जातो. कार्यप्रसंगी त्याच्या नावाने एखाद्या मुंज झालेल्या मुलाला जेवू घालतात. मराठवाड्यात तर गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. परभणी-नांदेडकडे ‘मुंजाजी’ हे चांगले रुळलेले पुरुषाचे नाव आहे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि इकडील कितीतरी मराठी घरांची मुळे तिकडच्या गावांत आहेत, त्यामुळे या शहरातील वाचकांना हे नाव नवे वाटणार नाही. मेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला आशीर्वाद म्हणून द्यावे, यात भीतीचे केवढे मोठे रूपांतर आहे! ज्याने छळले असते तोच आता राखण करतो.

‘मुंज्या’ या चित्रपटाने या सामग्रीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. कथा १९५२ मधील कोकणात सुरू होते. गोट्या नावाचा मुलगा आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव टाकतो. तिचे लग्न दुसरीकडे होते, याची मुंज उरकली जाते, आणि तो अघोरी उपायाने तिला मिळवू पाहतो. त्यासाठी रात्री रानातल्या पिंपळाखाली सख्ख्या बहिणीचा बळी देण्याच्या खटपटीत तोच मरतो. पुढे कैक वर्षांनी त्या बहिणीचा नातू बिट्टू पुण्याहून गावी येतो आणि मुंज्या त्याच्या मानगुटीस बसतो. मागणे एकच: लग्न लावून दे. योगेश चांदेकर यांची कथा आणि निरेन भट्ट यांची पटकथा या मागण्याला विनोदी अंगाने फिरवीत नेते. आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, आईच्या भूमिकेत मोना सिंग, आणि खुद्द मुंज्या संगणकाने घडविलेला आहे. प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. शंभर कोटींहून अधिक उत्पन्न झाले.

रसिकांची तक्रार असेल की लोककथेतल्या एकट्या, रुसलेल्या पोराचे येथे खदाखदा हसणारे माकड झाले आहे. तक्रार रास्त आहे. पण चित्रपटाने एक गोष्ट नकळत म्हणा, जाणून म्हणा, उघडी केली आहे. मुंजाच्या दंतकथांत त्याचे मागणे न्याय्य की अन्याय्य याची चर्चा सहसा होत नाही. मागणे आहे म्हणजे ते पुरविले पाहिजे, एवढेच गृहीत असते. येथे मात्र त्या मागण्यापायी ज्या मुलींचा जीव किंवा आयुष्य जाणार त्या समोर उभ्या आहेत. पहिली बहीण, दुसरी मुन्नी, तिसरी मुन्नीची नात बेला. कोणालाही कोणी विचारलेले नाही. मेलेला मुलगा सात दशके हट्ट धरून बसतो आणि जिवंत घर त्याच्या हट्टाभोवती फिरते. चित्रपट विनोदी आहे म्हणून हे सहज गिळले जाते. सरपोतदारांनी २०२२ च्या ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या पाणीटंचाईला असेच भुताटकीच्या पाठीवर बसवून पडद्यावर आणले होते, गंभीर गोष्ट हसत हसत पुढे सरकविण्याची त्यांची हातोटी जुनी आहे.

आता याच यादीत मुलगी शोधावी.

जखीण, लावसट, अळवंत, हडळ या सर्व स्त्रिया आहेत. परंतु सर्व लग्न झालेल्या स्त्रिया आहेत. मनुस्मृतीने विवाह हेच स्त्रीचे उपनयन मानले. त्यामुळे लग्नापूर्वी मेलेल्या मुलीचा कोणता संस्कार अपुरा राहिला हा प्रश्नच घरापुढे आला नाही. तान्हेपणी गेलेल्या मुलालाही स्वतंत्र नाव नाही हे खरे. येथपर्यंत भेद संस्काराचा आहे, मुलगामुलगीचा नाही. पण मुलाला पुढे आठव्या वर्षी नाव मिळविण्याची वाट खुली होते. मुलीला ती वाट नाही. आणि जी आपणहून मेली नाही, जिला जन्मताच संपविण्यात आले, तिला तर घराने कधी मोजलेच नव्हते. न मोजलेल्या माणसाचे मागणे कसले राहणार? उत्तर हिंदुस्थान आणि काठियावाड येथील काही कुळांत नवजात मुली मारण्याची चाल इतकी पक्की होती की १८०८ च्या सुमारास कर्नल वॉकर यांनी जाडेजा सरदारांकडून करार लिहून घेतले आणि १८७० साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. काठियावाडात या प्रकाराला ‘दूधपीती’ असे नाव होते. कृत्याला नाव मिळाले, मुलीच्या भुताला मिळाले नाही.

आपल्या समजुतीत त्यातल्या त्यात जवळची अशी एकच जागा आहे: पाणी. विहिरीवर, डोहावर, तळ्याच्या काठी साती आसरा असतात. ओळीने सात दगड, शेंदराची बोटे, खणाचा तुकडा. त्या नेहमी सात असतात आणि एकत्र असतात; त्यांतील एकीला निराळी काढून ‘ही अमक्याची’ असे कोणी म्हणत नाही. नल्लकुंटा या नावाचा अर्थ तेलुगूत ‘काळे तळे’ असा होतो, आणि दख्खनच्या पठारावर अशी तळी, कुंटे, बारवा गावोगाव आहेत. त्यांच्या तळाशी काय काय गेले याची नोंद कोठे नाही. आसरांची पूजा ही कदाचित त्या नोंदीची जागा घेत असावी, असे मला वाटते. तसे सिद्ध करता येणार नाही. जपानात मात्र अशा मुलांसाठी शब्द आहे. ‘मिझुको’, म्हणजे पाण्याचे बाळ: गर्भात गेलेले किंवा गर्भपाताने काढलेले मूल. त्यांच्यासाठी जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान मूर्ती उभ्या करून त्यांना लाल लाळेरी बांधतात, आणि १९७० नंतरच्या दशकात या बाळांच्या स्मरणविधीचा तेथे बराच प्रसार झाला. मंदिरे त्यातून पैसा करतात अशी टीकाही झाली. पण विधी आहे, मूर्ती आहे, आणि आईला थांबून हात जोडण्याची जागा आहे.

‘लपाछपी’ या रिकाम्या जागेतून निघालेला चित्रपट आहे. नेहा (पूजा सावंत) आठव्या महिन्यात आहे. सावकाराच्या माणसांच्या धाकाने तिचा नवरा तिला शहरातून हलवितो आणि गाडीवानाच्या गावी, उसाच्या फडाच्या ऐन मध्यावर असलेल्या एका घरात आणून ठेवतो. घरात तुळसाबाई (उषा नाईक) आहे. ती मायेने न्हाऊमाखू घालते, जेवू घालते, आणि तिच्या मायेतच काहीतरी खुपते. फडात मुले खेळत असतात. रेडिओतून अंगाई ऐकू येते. ही मुले कोणाची, असे नेहा विचारते, आणि येथे दुसरी मुलेच नाहीत, असे तिला कळते. पुढील उलगडा सांगून न पाहिलेल्यांचा विरस करीत नाही. एवढेच सांगतो की संकट उसातून घरात येते असे वाटत असते, आणि ते पहिल्यापासून घरातच बसलेले असते.

भय निर्माण करण्याची फुरिया यांची रीत अभ्यासण्याजोगी आहे. आपल्या भुताटकीच्या गोष्टींना वाडा लागतो, अंधार लागतो, अमावास्या लागते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयाला शहरी घरात आणले, तरी रात्रीचा आधार सोडला असे सहसा झाले नाही. ‘लपाछपी’तले पुष्कळसे भय भर उन्हात घडते. ऊस हे पीक माणसाच्या उंचीहून वर जाते. आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने शेतात उभे राहते. पाने धारेची, सळसळ अखंड, आणि सरीत शिरलेल्याला दहा पावलांवर काय आहे ते दिसत नाही. वर मोकळे आभाळ असून माणूस कोंडला जातो. ज्याने हा फड निवडला त्याला महाराष्ट्राचा भूगोल कळला होता. गेल्या काही दशकांत ज्या पिकाने या प्रांतात सुबत्ता आणली त्याच पिकाच्या आत हे घर लपलेले आहे.

खेळाची निवडही तितकीच नेमकी आहे. लपाछपीत ज्याच्यावर राज्य असते त्याने डोळे मिटून आकडे मोजावयाचे, तोवर बाकीच्यांनी लपावयाचे. सगळे सापडेपर्यंत राज्य उतरत नाही. स्पॅनिश दिग्दर्शक बायोना यांच्या २००७ च्या अनाथालयावरील चित्रपटातही आई भिंतीकडे तोंड करून लहानपणीचा खेळ खेळते आणि मागून मेलेली मुले पावलापावलाने जवळ येतात. तो प्रसंग पाहिलेला मनुष्य विसरत नाही. तेथे मुलांना आई हवी असते, आणि अखेर ती त्यांना मिळते. जॅक क्लेटन यांच्या १९६१ च्या ‘द इनोसन्ट्स’पासून पाश्चात्त्य भयपटांत मूल हे बहुधा मोठ्यांच्या पापाचे भांडे असते. मराठी चित्रपटात मुलाच्या मागे कुळ उभे आहे. मूल हवे आहे की नको, आणि हवे असेल तर कोणते, हे कुळ ठरवीत असते.

येथे मला चित्रपटाची एक अडचण दिसते. फडात दिसतात ती खेळण्याच्या वयाला पोचलेली मुले. ज्यांच्यासाठी ही सारी कथा रचली त्या मुली त्या वयाला पोचल्याच नव्हत्या. नवजात मुलीला धावता येत नाही, दाराआडून डोकावता येत नाही, हाक मारता येत नाही. भयपटाच्या व्याकरणात भूत होण्यासाठी जेवढे आयुष्य लागते तेवढेही तिच्या वाट्याला आलेले नाही. त्यामुळे तिचा सूड दुसऱ्या कोणीतरी घ्यावा लागतो, तिचे गाऱ्हाणे दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. जी अडचण लोकसमजुतीची तीच शेवटी पडद्याची ठरते. दिग्दर्शकाचा यात दोष नाही. उलट एवढ्या अडचणीतून त्यांनी काढलेली वाट प्रामाणिक आहे. २०२१ मध्ये त्यांनीच हिंदीत केलेल्या ‘छोरी’ या आवृत्तीने तीच कथा उत्तरेकडच्या बोलीत नेली, आणि ती तेथेही परकी वाटली नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चित्रपटात गुन्हा घडतो तो खेड्यात, जुन्या घरात, मंत्रतंत्राच्या आणि विहिरीच्या आसऱ्याने. शहरातला प्रेक्षक हे सारे पाहून घाबरतो आणि घरी येऊन निवांत झोपतो, कारण त्याच्या इमारतीला विहीर नाही. प्रत्यक्षात काय झाले ते जनगणनेचे आकडे सांगतात. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होती, २०११ साली ती ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती २००१ साली ८९४ होती. दहा वर्षांनी ८०७. ही घट अंधश्रद्धेच्या वाढीने झालेली नाही. रस्ते झाले, वीज आली, तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र आले, आणि हातात थोडा पैसा आला. स्वच्छ फरशीच्या, दिव्याने उजळलेल्या खोलीत, पदवीधर माणसाच्या हातून हे घडले. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा, आणि २००३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तो अधिक कडक झाला. कायद्यानंतरही आकडा खाली आला. ‘लपाछपी’तली तुळसाबाई अशिक्षित आहे, हे पाहून आपल्याला हायसे वाटते, आणि तेवढ्यापुरता चित्रपट आपल्याला सोडून देतो.

बीडचा उल्लेख केला तो केवळ आकड्यासाठी नाही. ‘मुंजाजी’ हे नाव जेथे आदराने ठेवले जाते त्या परभणीला लागूनच हा जिल्हा आहे. दोन्ही कालपरवापर्यंत याच हैदराबाद राज्याचे भाग होते. एका बाजूला मेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला देणारी श्रद्धा, दुसऱ्या बाजूला हजारामागे दोनशेच्या जवळपास मुलींचा न लागणारा पत्ता, आणि त्या मुलींच्या नावाचा पार कोणत्याही पिंपळाखाली नाही.

नावांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवितो. मराठीत मुद्दाम ओबडधोबड नावे ठेवण्याची एक जुनी चाल होती: दगडू, धोंडू, केरू, भिकू. मागची मुले दगावली की पुढच्याला असे नाव द्यावयाचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावरून घसरून जाईल. हा तर केर, हा तर दगड, याला नेऊन काय करावयाचे, असे त्याला वाटावे. नाव जितके तुच्छ तितका जीव त्या पोरावर जास्त. सटवाईने पाचव्या-सहाव्या रात्री कपाळी काय लिहिले ते फसवून पुसण्याची ही युक्ती. त्या काळी जन्मल्यावर आठवड्याभरात धनुर्वाताने मुले जात, आणि त्यालाच ‘सटवीने नेले’ असे म्हणत. माता व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. दगडू आणि धोंडू तर त्याच्या कितीतरी आधीच शाळांच्या पटावरून उतरले होते.

वरून पाहता याच चालीचे वाटावे असे मुलींचे एक नाव आहे: नकुशी. कोठे नकोशी, कोठे नकुसा. तीन-चार मुलींवर आणखी एक झाली की तिला हे नाव देत, म्हणजे पुढे तरी मुलगी होणार नाही. दगडू या नावात मृत्यूची दिशाभूल आहे; नकुशी या नावात कोणाचीच दिशाभूल नाही, ते जसे आहे तसे सांगितलेले आहे. ही मुलगी जिवंत असते, शाळेत येते, हजेरी घेताना ‘उपस्थित’ म्हणते. मुंजा मरूनही घरचा राहतो. नकुशी घरात वाढून घराबाहेरची असते. भयपटाने अजून या मुलीकडे पाहिलेले नाही. कदाचित तिच्यात भूत होण्यासारखे काही नाही म्हणूनही असेल.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे अशा २८५ मुलींचे नामांतर समारंभपूर्वक करण्यात आले. नवी नावे त्यांना निवडता आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचे प्रमाणपत्र देण्यात आले. ज्या शाळांत या मुली जात होत्या तेथील जुन्या हजेरीपटांत मात्र पहिले नाव तसेच आहे, त्या त्या वर्षीच्या वर्गशिक्षकाच्या अक्षरात.